मीर सुलतान खान : परक्या नियमांचा पट

पंजाबातील मिठा टिवाणा या गावचे मीर सुलतान खान बालपणी वडिलांकडून बुद्धिबळ शिकले, ते देशी पद्धतीचे. या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते. सर उमर हयात खान या जमीनदारांनी त्यांचे कौशल्य हेरून त्यांना पदरी ठेवले. १९२८ साली ते अखिल भारतीय विजेते ठरले आणि पुढील वर्षी धन्यासोबत लंडनला गेले.

तेथे खेळ तोच, नियम मात्र परके. डावाच्या आरंभीच्या चालींवर युरोपात ग्रंथच्या ग्रंथ झाले होते; सुलतान खानांचा त्यांच्याशी परिचय नव्हता. त्यामुळे त्यांची सुरुवात अनेकदा डळमळीत होई. परंतु मध्यडावात ते सावरत आणि अंत्यडावात भल्याभल्यांना नमवीत. आगमनानंतर काही महिन्यांतच, १९२९ मध्ये, ते ब्रिटिश विजेते झाले. १९३२ व १९३३ मध्येही तो मान त्यांनीच मिळवला.

१९३०–३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांच्यासमोर माजी जगज्जेते कापाब्लांका होते. कापाब्लांकांनी ‘क्वीन्स इंडियन’ नावाचा बचाव निवडला. सुलतान खानांनी पाचव्या चालीत कडेचे प्यादे केवळ एक घर पुढे सरकवले. या साध्या चालीचे मर्म पुढे पेट्रोशियन यांच्या खेळातून जगाला उमगले. पुढे दोन हत्तींच्या मोबदल्यात वजीर देऊन त्यांनी पट हळूहळू आवळत नेला आणि ६५ चालींत डाव जिंकला.

१९३३ च्या अखेरीस धनी मायदेशी परतले, तसे तेही परतले. १९३५ मध्ये त्यांनी खाडिलकरांशी दहा डाव खेळून नऊ जिंकले, एक बरोबरीत सोडवला. त्यानंतर ऐन उमेदीत त्यांची स्पर्धात्मक कारकीर्द संपली. १९६६ मध्ये ते निवर्तले. मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला तो २०२४ मध्ये, मरणोत्तर.

मराठी माध्यमातून शिकून परप्रांतीच्या महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांचीही सुरुवात काहीशी अशीच असते. पुढचा डाव ते सावरतात, हे आपण माजी विद्यार्थ्यांनी सिद्ध केले आहे. मात्र सुलतान खानांचा पट दुसऱ्याच्या मर्जीने मांडला गेला आणि दुसऱ्याच्याच मर्जीने उठला. आमच्या एकाही मुलामुलीवर तशी वेळ येऊ नये, यासाठीच शाळा आणि पालक असतात.