गॉटलीब डाइमलर

गॉटलीब विल्हेल्म डाइमलर (१७ मार्च १८३४ – ६ मार्च १९००) हे जर्मन अभियंते व उद्योजक होते. मोटारगाडीच्या आद्य जनकांत कार्ल बेंझ यांच्यासोबत त्यांची गणना होते. मोटारीच्या कीर्तीमुळे त्यांच्या कार्याच्या दोन बाजू झाकोळल्या गेल्या आहेत. त्यांच्या इंजिनाला सुरुवातीच्या काळात आधार दिला तो नौकांनी. आणि सिलिंडरात दाबाने जादा हवा भरून शक्ती वाढवण्याची, म्हणजेच सुपरचार्जरची, कल्पना त्यांच्या १८८५ च्या इंजिनातच आढळते.

पूर्वायुष्य

डाइमलर यांचा जन्म व्ह्यूर्टेम्बर्ग प्रांतातील शॉर्नडॉर्फ येथे झाला. वडिलांचा पाव भाजण्याचा व्यवसाय होता. गॉटलीब यांनी मात्र बंदुका बनवण्याचे काम शिकून घेतले आणि पुढे १८५७ ते १८५९ या काळात श्टुटगार्टच्या तंत्रशाळेत शिक्षण घेतले. इंग्लंडमधील कारखान्यांचा अनुभव घेऊन परतल्यावर रॉइटलिंगेन येथील एका धर्मादाय संस्थेच्या कर्मशाळेत त्यांची विल्हेल्म माइबाख या अनाथ तरुणाशी गाठ पडली. ही जोडी अखेरपर्यंत टिकली. १८७२ मध्ये डाइमलर निकोलाउस ऑटो यांच्या डॉइट्झ येथील कारखान्याचे तांत्रिक प्रमुख झाले. चार धावांचे इंजिन तेथेच १८७६ मध्ये सिद्ध झाले. मतभेदांमुळे डाइमलर १८८२ मध्ये तेथून बाहेर पडले.

हरितगृहातील इंजिन

कानस्टाट येथील आपल्या घराच्या बागेतील हरितगृहात त्यांनी माइबाख यांच्यासह काम सुरू केले. दारे बंद ठेवून चाललेल्या या ठोकाठोकीमुळे तेथे खोटी नाणी पाडली जात असल्याचा संशय माळ्याला आला आणि पोलिसांनी छापा घातला. त्यांना आत फक्त यंत्रे सापडली.

त्या काळची इंजिने मिनिटाला जेमतेम १२० ते १८० फेरे घेत. तापलेल्या नळीने इंधन पेटवण्याची पद्धत वापरून या दोघांनी ही गती सुमारे ६०० पर्यंत नेली. लंबकाच्या घड्याळासारखे दिसणारे त्यांचे उभे इंजिन १८८५ मध्ये तयार झाले. इंजिनाची शक्ती त्यात जळणाऱ्या इंधनावर अवलंबून असते आणि इंधन किती जळेल हे हवेवर ठरते. भंडाऱ्यातील पितळेच्या भट्टीला भाता लागतो, त्यामागील तत्त्वही हेच. डाइमलर यांनी दट्ट्याच्या खालच्या बाजूलाच भाता केले. दट्ट्या खाली येताना बंद पेटीतील हवा दाबली जाई आणि दट्ट्यातील झडपेतून वर सिलिंडरात शिरे. ही रचना कल्पक होती, तरी पुढील इंजिनांतून ती वगळण्यात आली.

नौकांचा व्यवसाय

ऑगस्ट १८८६ मध्ये नेकार नदीत सुमारे साडेचार मीटर लांबीची नौका सोडण्यात आली. जेमतेम एक अश्वशक्तीच्या इंजिनावर ती ताशी ११ किलोमीटर वेगाने धावे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डाइमलर यांनी इंजिनाने नौकेचा पंखा फिरवण्याच्या योजनेचे एकस्व घेतले. पेट्रोलचा स्फोट होईल या भीतीने लोक नौकेत बसण्यास कचरत. तेव्हा डाइमलर यांनी नौकेच्या कडेने तारा आणि चिनी मातीचे निरोधक लावून ती विजेवर चालत असल्याचा भास निर्माण केला. आजच्या ग्राहकाला हे पटणार नाही, पण युक्ती लागू पडली. १८८८ मध्ये जर्मनीचे चॅन्सेलर बिस्मार्क यांच्यासाठी 'मारी' ही नौका तयार झाली. रस्त्यावरच्या गाडीला अजून फारशी मागणी नव्हती. कारखान्याला हातभार लागला तो नौकांच्या इंजिनांचा.

कंपनीतून गमन व पुनरागमन

भांडवल उभारण्यासाठी १८९० मध्ये डाइमलर कंपनी स्थापन झाली, परंतु भांडवलदारांशी त्यांचे जमले नाही. माइबाख १८९१ मध्येच बाहेर पडले आणि काही काळाने डाइमलर यांनाही स्वतःच्या नावाची कंपनी सोडावी लागली. यातून मार्ग निघाला तोही पाण्यावरूनच. टेम्स नदीतील नौकांना डाइमलर इंजिने बसवून व्यवसाय सुरू करणारे फ्रेडरिक सिम्स यांनी ब्रिटिश हक्कांसाठी ३,५०,००० मार्क देऊ केले आणि डाइमलर यांना परत घेण्याची अट घातली. त्यानुसार १८९५ मध्ये डाइमलर व माइबाख दोघेही परतले. तोवर डाइमलर यांची प्रकृती खालावली होती. 'मर्सिडीज' हे नाव गाजण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले.

सुपरचार्जरचा पुढील प्रवास

वडिलांनी सोडून दिलेली कल्पना पुत्र पाउल डाइमलर यांनी पुन्हा हाती घेतली. पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या इंजिनांवर प्रयोग झाले, कारण उंचावरील विरळ हवेत इंजिनांची शक्ती घटत असे. १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात सुपरचार्जर असलेल्या मर्सिडीज गाड्या मांडण्यात आल्या. त्यांतील पंखा अमेरिकेतील रूट्स बंधूंच्या पद्धतीचा होता. मुळात तो गाड्यांसाठी बनलेला नव्हता आणि धातूच्या भट्ट्यांना हवा पुरवण्यासाठी वापरला जाई.

सहलीच्या जुन्या नौकांच्या इंजिनांना आज बाहेरून सुपरचार्जर जोडण्याची हौस अनेकांना असते. गाडीचे इंजिन अधूनमधून विसावते, नौकेचे मात्र पाण्याच्या रोधामुळे तासन्‌तास भाराखाली चालते. त्यामुळे हवा कोंबली तर उष्णता वाढते, इंधन अवेळी पेटून ठोके बसतात आणि दट्टे निकामी होतात. संपीडन गुणोत्तर कमी करणे, इंधनाचा पुरवठा वाढवणे आणि दाबलेली हवा थंड करून आत सोडणे हे उपाय त्यासाठी योजले जातात.

डाइमलर यांची कंपनी १९२६ मध्ये बेंझ यांच्या कंपनीत विलीन होऊन डाइमलर-बेंझ बनली. १९५४ मध्ये टाटांनी तिच्याशी करार केला आणि टाटा-मर्सिडीज मालमोटारी भारतीय रस्त्यांवर परिचित झाल्या. कानस्टाटचे ते हरितगृह आज स्मारक म्हणून जतन करण्यात आले आहे.