तालमीच्या मातीचे ऋण : कुस्तीगीर खाशाबा जाधव

चैत्र-वैशाखात आपल्या खान्देशात यात्रांचा हंगाम सुरू होतो. तगतराव, लोकनाट्य, पाळणे, रेवड्यांची दुकाने हे सारे यात्रेत असतेच. पण यात्रेचा खरा रंग चढतो तो कुस्त्यांच्या दंगलीत. हलगी कडाडू लागली की शेतकरी, हमाल, दुकानदार, विद्यार्थी सारेच आखाड्याभोवती कडे करून बसतात. नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात होऊन शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत कोणी जागचे हलत नाही. असे असूनही स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा वीर आपल्याच महाराष्ट्रातील एका खेड्याच्या तालमीतून निघाला होता, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? म्हणून या अंकासाठी मी कै. खाशाबा जाधव यांचे चरित्र निवडले.

आणखीही एक कारण आहे. मला खरे तर तालमींचा इतिहास लिहावयाचा होता. जर्मनीसारख्या देशात लहानसहान गावीसुद्धा कुस्तीचे नोंदलेले क्लब असतात. सभासदांची यादी, वर्गणीचा हिशोब, सभांचे वृत्तान्त असे सगळे दप्तर जपलेले असते. त्यामुळे अशा क्लबचा इतिहास लिहिणाऱ्यास साधने शोधत हिंडावे लागत नाही. आपल्या तालमीला दप्तर नसते. एक मारुतीची मूर्ती, एक मातीचा हौद, भिंतीला टेकवलेल्या करेल्या आणि गदा, आणि या साऱ्यांवर नजर ठेवणारे वस्ताद, एवढाच तिचा संसार. कोणी किती जोर मारले, कोणाला कोणता डाव कोणी शिकवला, हे वस्तादांच्या स्मरणात राहते आणि त्यांच्याबरोबर जाते. अशा वेळी एखाद्या मल्लाचे चरित्र हाच तालमीचा इतिहास समजावा लागतो.

महाराष्ट्रातील कुस्तीचे नाव काढले की राजर्षी शाहू महाराजांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला आणि १९२२ साली त्यांचे निधन झाले. या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कोल्हापूर ही मल्लांची पंढरी केली. देशभरातील नामांकित मल्लांना त्यांनी आश्रय दिला, तालमींना मदत दिली. १९०२ साली ते युरोपच्या प्रवासास गेले असता रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले. पुढे १९१२ च्या सुमारास कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. मध्ये खोलगट आखाडा आणि सभोवार चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्याने शेवटच्या माणसालाही कुस्ती स्पष्ट दिसते. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ही तालमींची नावे आजही पैलवान आदराने घेतात. या वातावरणाचा प्रभाव शेजारच्या सातारा जिल्ह्यावर पडला नसता तरच नवल.

याच सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात, १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटे. पाचव्या वर्षापासूनच वडिलांनी त्यांना मातीत उतरवले. पहाटे उठून जोर-बैठका काढाव्यात, हौदातली माती उकरावी, अंगाला माती लावून जोड्यांबरोबर लढत करावी, आणि मग दिवसाच्या कामाला लागावे, असा तालमीतल्या मुलाचा क्रम असतो. ही माती साधी नसते. तांबडी माती चाळून घेऊन तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असे जिन्नस मुरवावे लागतात. पडणाऱ्यास लागू नये आणि खरचटले तरी चिघळू नये, हा त्यामागचा हेतू. तालमीत जात, धन, वय यांचा तोरा चालत नाही. हौदात उतरताना सर्वांनी त्याच मातीला हात लावून नमस्कार करावयाचा असतो.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. त्याच काळात १९४२ ची चळवळ पेटली. सातारा जिल्हा तर त्या चळवळीचे मोहोळच होता. भूमिगतांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोचवणे अशी कामे खाशाबांनी केली. १९४२ च्या आठवणी आपल्या अमळनेरलाही नव्या नाहीत. तेव्हा त्या पिढीच्या मनातील देशाची ओढ कशी होती हे येथील वाचकांना वेगळे सांगावयास नको. देश स्वतंत्र झाला तेव्हा खाशाबा एकवीस वर्षांचे होते. आता या नव्या झेंड्यासाठी जगाच्या आखाड्यात उतरावयाचे, हा ध्यास त्यांनी घेतला.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. बांधा लहानखोर, उंची बेताची. महाविद्यालयाच्या क्रीडास्पर्धेत नाव देण्यास गेले तेव्हा त्यांच्या अंगकाठीकडे पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना नकार दिला, असे सांगतात. खाशाबा सरळ प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य खर्डेकरांनी परवानगी दिली आणि या किरकोळ दिसणाऱ्या मुलाने आपल्याहून धिप्पाड गड्यांना अस्मान दाखवले. चपळाई आणि डावांची जाण ही त्यांची खरी पुंजी होती. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळून त्याला पाठीवर आपटणारा ढाक हा डाव त्यांच्या विशेष हातखंड्याचा होता.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. येथे एक अडचण समजून घेतली पाहिजे. आपली कुस्ती मातीवरची. पाठ जमिनीला लागली की कुस्ती चितपट, नाहीतर तास गेला तरी चालेल. ऑलिंपिकची कुस्ती गादीवरची. तेथे घड्याळ असते, गुण असतात, पंच असतात. मातीत पाय रुततो, गादीवर तो निसटतो. जन्मभर मातीत घुमलेल्या मल्लाने परक्या देशात, परक्या नियमांनी, पायाखालची जमीनही परकी असताना लढावयाचे होते. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना तेथे लाभले. फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना त्यांनी हरवले; इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र ते पराभूत झाले. सहावा क्रमांक मिळाला. दुसरा कोणी असता तर त्यात समाधान मानून परतला असता. खाशाबांनी पुढची चार वर्षे गादीवरच्या कुस्तीचा अभ्यास करण्यात घालवली आणि वजनाचा वरचा गट घेतला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची वाट मात्र आखाड्याबाहेरच्या अडचणींनी भरलेली होती. मद्रास येथील स्पर्धेत पंचांनी एक गुण कमी दिल्याने त्यांची निवड हुकली. आपल्यावर अन्याय झाला आहे, अशी खाशाबांची खात्री होती. ते हातपाय गाळून बसले नाहीत. कुस्तीचे शौकीन असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. पुन्हा लढत झाली, तीत त्यांनी प्रतिस्पर्ध्याला स्वच्छ चीत केले आणि निवड पक्की झाली.

आता प्रश्न उरला पैशाचा. त्या काळी खेळाडूला आपल्या खर्चाची सोय बहुधा आपणच करावी लागे. सरकारकडे अर्ज केले, पण वेळेवर मदत आली नाही. मग गोळेश्वर आणि पंचक्रोशीतील माणसे पुढे सरसावली. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने दिले. वर्गणीची झोळी घेऊन खाशाबा दारोदार फिरले. तरीही रक्कम पुरी होईना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये या विद्यार्थ्याच्या हाती ठेवले.

या प्रसंगापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. सात हजार रुपये ही १९५२ साली लहान रक्कम नव्हती. पदक मिळेल याची हमी कोणीच देऊ शकत नव्हते. आणि कुस्ती हा काही परीक्षेचा विषय नव्हता, की विद्यार्थ्याच्या यशाने महाविद्यालयाचा निकाल वाढावा. तरीही एका शिक्षकाने आपले छप्पर पणाला लावले. आपण अमळनेरकर या गोष्टीचे मोल अधिक जाणू शकतो. याच गावात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. छात्रालयातील मुलांची आजारपणे त्यांनी काढली, मुलांसाठी रोज हस्तलिखित दैनिक चालवले, स्वतःकडचे जे काही ते मुलांसाठी वेचले. याच गावात श्रीमंत प्रताप शेठजींनी गिरणीच्या मिळकतीतून शिक्षणाला हात सैल सोडून दिला. विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या गावाने पाहिले आहे. खर्डेकर हे त्याच गोत्रातले. खाशाबांच्या पदकाचा एक तुकडा या प्राचार्यांच्या नावे लिहिला पाहिजे, असे माझे मत आहे.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट म्हणजे सत्तावन किलो वजनाच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी हरवले. पुढे जपानच्या शोहाची इशीशी त्यांची गाठ पडली. ही लढत दीर्घकाळ रंगली. इशी विजयी ठरला. पुढे सुवर्णपदकही त्यालाच मिळाले. त्या झुंजीने थकलेल्या खाशाबांना लगेच पुढील लढतीसाठी पुकारण्यात आले. समोर होता सोव्हिएट रशियाचा रशीद मामेदबेकोव्ह. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु ती मागण्यासाठी भारताचा कोणीही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. परभाषेत आपले म्हणणे मांडणार कोण? खाशाबा तसेच उतरले आणि हरले. मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तो दिवस होता २३ जुलै १९५२. विश्रांती मिळती तर पदकाचा रंग बदलता काय, याचा निवाडा आज कोणी देऊ शकत नाही. इतके मात्र खरे, की ज्या माणसामागे अख्खे गाव उभे होते तो ऐन मोक्याला एकटा पडला.

परत आल्यावर गावाने आपला माणूस ओळखला. कऱ्हाड स्थानकावर गर्दी उसळली. शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून मिरवणूक निघाली. १५१ गाड्या होत्या असे सांगतात. एरवी पाव तासाचे अंतर, पण ते तोडावयास मिरवणुकीला सात तास लागले. गुलाल, हलगी, लेझीम यांनी रस्ता भरून गेला. आणि या जल्लोषानंतर खाशाबांनी काय केले? कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने घेतली, त्यांत स्वतः लढले आणि जमलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. पदक गळ्यात असताना ऋण विसरणारी माणसे जगात पुष्कळ असतात. खाशाबा त्यांतले नव्हते.

यापुढचा भाग लिहिताना हात अडखळतो. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक पटकावले होते, आणि देशाचे लक्ष तिकडेच राहिले. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची आशा मावळली. खात्यात राहून त्यांनी कुस्ती खेळली, तरुण पोलिसांना शिकवली. सुमारे सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पण निवृत्तिवेतनासाठीसुद्धा त्यांना झगडावे लागले. क्रीडासंस्थांना त्यांची आठवण क्वचितच झाली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता. ज्या झेंड्यासाठी ते लढले तो सर्वत्र फडकला असेल. किती ठिकाणी त्यांचे नाव निघाले असेल?

मान मिळाला तो मृत्यूनंतर. राज्य शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला, २००० सालचा अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव दिले गेले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचे महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ठरवले. त्यांच्या पदकाची थोरवी काळानेच मोजून दाखवली आहे. भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडले. ते टेनिसपटू लिएंडर पेसने मिळवले. कुस्तीतले पुढचे पदक २००८ साली आले. आणि महाराष्ट्राच्या मातीतल्या दुसऱ्या खेळाडूला, कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्नील कुसाळेला, वैयक्तिक पदक मिळाले ते २०२४ साली पॅरिसमध्ये, म्हणजे तब्बल बहात्तर वर्षांनी.

मित्रहो, हे चरित्र वाचून कोणी उद्यापासून लंगोट कसून हौदात उतरावे, असा माझा आग्रह नाही. उतरल्यास उत्तमच! परंतु आपल्या वर्गात, आपल्या वसतिगृहात असा एखादा किरकोळ दिसणारा खेळाडू असेल. सकाळी मैदानावर धावून उपाशीपोटी तासाला येत असेल, स्पर्धेचे प्रवासभाडे जमत नाही म्हणून नाव मागे घेत असेल. त्याच्यासाठी घर गहाण टाकणे आपल्याला जमणार नाही. पण वर्गणीची झोळी आपण फिरवू शकतो, त्याच्या सोबत स्पर्धेला जाऊ शकतो, आणि नियमाप्रमाणे मिळणारी अर्ध्या तासाची विश्रांती त्याच्या वतीने मागू शकतो. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी आपला वाटा उचलला होता. हेलसिंकीत जी एक खुर्ची रिकामी राहिली, तशी आपल्या खेळाडूमागची खुर्ची रिकामी राहू नये, एवढी काळजी आपण घेतली तरी पुष्कळ झाले.