नॉर्मन मॅक्लारेन

नॉर्मन मॅक्लारेन (जन्म : स्टर्लिंग, स्कॉटलंड, ११ एप्रिल १९१४, मृत्यू : माँट्रिऑल, कॅनडा, २७ जानेवारी १९८७) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले कॅनेडियन लघुपटकार व ॲनिमेशनकार होते. कॅमेरा न वापरता फिल्मपट्टीवर थेट चित्रे काढणे, ध्वनिपट्टीवर रेघा ओढून संगीत निर्माण करणे आणि जिवंत माणसांना बाहुल्यांप्रमाणे चौकटी-चौकटीने हलविणे या तंत्रांचा त्यांनी केलेला विकास चित्रपटकलेत महत्त्वाचा मानला जातो. त्यांच्या ‘नेबर्स’ (१९५२) या आठ मिनिटांच्या लघुपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले.

बालपण व शिक्षण

मॅक्लारेन यांच्या वडिलांचा घरांच्या सजावटीचा व्यवसाय होता. १९३२ मध्ये मॅक्लारेन यांनी ग्लासगो येथील कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथे रशियन व जर्मन चित्रपट पाहून त्यांना या माध्यमाची ओढ लागली. सुरुवातीस हाताशी कॅमेरा नसल्याने त्यांनी एक जुनी, वापरलेली फिल्म मिळवली, तिच्यावरील रसायनाचा थर धुऊन काढला आणि स्वच्छ झालेल्या पारदर्शक पट्टीवर रंगीत शाईने आकृत्या काढल्या. साधनांच्या अभावातून सुचलेली ही युक्ती पुढे त्यांच्या कलेचा पाया ठरली. न्यूझीलंडचे कलावंत लेन लाय यांनीही याच सुमारास अशा पद्धतीने काम केले होते. त्यांचे चित्रपट पाहिल्यावर मॅक्लारेन यांचा या मार्गावरील विश्वास दृढ झाला.

विद्यार्थिदशेतच त्यांनी ‘सेव्हन टिल फाइव्ह’ (१९३३) हा कलाशाळेतील एका दिवसाचे चित्रण करणारा लघुपट केला. शिल्पकार हेलन बिगार यांच्यासह केलेल्या ‘हेल अनलिमिटेड’ (१९३६) या लघुपटात त्यांनी शस्त्रास्त्रांच्या व्यापारावर कठोर टीका केली. हौशी चित्रपटांच्या स्पर्धेत परीक्षक असलेल्या जॉन ग्रिअरसन यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. ब्रिटिश माहितीपट चळवळीचे प्रवर्तक असलेल्या ग्रिअरसन यांनी त्यांना लंडन येथे डाकखात्याच्या चित्रपट विभागात बोलावून घेतले.

युद्धाची छाया

१९३६ मध्ये मॅक्लारेन छायाचित्रकार म्हणून यादवी युद्ध चालू असलेल्या स्पेनमध्ये गेले. माद्रिदच्या बचावाविषयीच्या माहितीपटासाठी त्यांनी तेथे चित्रण केले. युद्धातील संहार प्रत्यक्ष पाहिल्याचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला आणि ते आयुष्यभर युद्धविरोधी राहिले. लंडनला परतल्यावर त्यांनी विमानटपालाच्या प्रसारासाठी ‘लव्ह ऑन द विंग’ हा लघुपट फिल्मवर थेट रेखाटून तयार केला. मात्र त्यातील सूचक प्रतिमा संबंधित मंत्र्यांना रुचल्या नाहीत व त्याचे प्रदर्शन रोखण्यात आले.

दुसरे महायुद्ध सुरू होताच, युद्धप्रचाराचे चित्रपट करावे लागतील या भीतीने १९३९ मध्ये त्यांनी ब्रिटन सोडून न्यूयॉर्क गाठले. तेथे अमूर्त चित्रकलेच्या संग्रहालयासाठी त्यांनी ‘डॉट्स’ व ‘लूप्स’ हे लघुपट केले. त्यांतील चित्रे आणि आवाज दोन्ही हाताने रेखाटलेले आहेत.

कॅनडातील कार्य

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाची सूत्रे ग्रिअरसन यांच्याकडे आली होती. त्यांच्या निमंत्रणावरून मॅक्लारेन १९४१ मध्ये ओटावा येथे गेले. ज्या युद्धापासून ते दूर आले होते, ते येथेही पोहोचलेलेच होते. टपाल लवकर पाठवा, युद्धबचत रोखे घ्या असे संदेश देणारे लघुपट त्यांना करावे लागले. त्यांनी मध्यममार्ग काढला : द्वेष पसरविणारी प्रतिमा टाळून नाचणाऱ्या रेषा, आकडे आणि कोंबडी यांच्या खेळातून त्यांनी संदेश पोहोचविला. ‘हेन हॉप’ (१९४२) व ‘डॉलर डान्स’ (१९४३) ही त्याची उदाहरणे होत.

१९४३ मध्ये बोर्डाचा ॲनिमेशन विभाग उभारण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. त्यांनी कलाशाळांतून तरुण निवडले आणि प्रत्येकाला स्वतःची पद्धत शोधण्यास वाव दिला. जॉर्ज डनिंग, रने जोदवँ व ग्रँट मन्रो हे त्यांच्यापैकी होत. डनिंग यांनी पुढे ‘यलो सबमरीन’ (१९६८) हा चित्रपट दिग्दर्शित केला. मॅक्लारेन यांच्या अनेक लघुपटांत एव्हलिन लँबार्ट यांचा बरोबरीचा वाटा होता. बोर्डात कार्यरत असलेले गाय ग्लोव्हर हे १९३७ पासून अखेरपर्यंत मॅक्लारेन यांचे जीवनसहचर होते.

तंत्रे

चित्रपटाच्या पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. दोन चौकटींत थोडासा फरक असला की डोळ्यांना हालचालीचा भास होतो. चौकटीत काय काढले आहे यापेक्षा दोन चौकटींच्या दरम्यान काय घडते ते अधिक महत्त्वाचे, अशी मॅक्लारेन यांची धारणा होती. त्यांची सर्व तंत्रे याच विचारातून निघाली.

फिल्मवर थेट रेखाटन : ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट टपालाच्या तिकिटाएवढी असते. एवढ्याशा जागेत टाकाने चित्र काढायचे आणि पुढील चौकटीत ते किंचित बदलून पुन्हा काढायचे, अशी ही पद्धत आहे. ‘बिगॉन डल केअर’ (१९४९) मध्ये मॅक्लारेन व लँबार्ट यांनी चौकटींच्या सीमाच झुगारल्या. त्यांनी लांब पट्टीवर रंग पसरले, ओरखडे काढले आणि कापडाच्या विणीचे ठसे उमटविले. या लघुपटाला ऑस्कर पीटरसन यांच्या जॅझ वादनाची साथ आहे. ‘ब्लिंकिटी ब्लँक’ (१९५५) मध्ये काळ्या फिल्मवर कोरून चित्रे काढली असून अनेक चौकटी कोऱ्याच सोडल्या आहेत. क्षणभर लकाकून गेलेली आकृती डोळ्यांत टिकून राहते व मधला अंधार प्रेक्षकाचे मन भरून काढते. या लघुपटाला कान महोत्सवात लघुपटांसाठीचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

रेखाटलेला ध्वनी : फिल्मच्या कडेला असलेल्या ध्वनिपट्टीवरील खुणांवरून प्रकाश जातो आणि त्याचे आवाजात रूपांतर होते. या पट्टीवर हाताने रेघा ओढल्या तर वाद्याविनाही ध्वनी निर्माण होतो. रेघा दाट असल्या की स्वर उंच लागतो, विरळ असल्या की खालचा लागतो, तर त्यांचा आकार वाढविल्यास आवाज मोठा होतो. पुढे त्यांनी निरनिराळ्या स्वरांसाठी पट्ट्यांच्या नक्षीची कार्डे तयार केली. त्यांची छायाचित्रे ध्वनिपट्टीवर घेऊन ते संगीतरचना करीत.

पिक्सिलेशन : यात बाहुल्यांऐवजी माणसांची छायाचित्रे एकेक चौकट घेऊन टिपली जातात. नट उडी मारतो, तो सर्वांत उंच असताना छायाचित्र घेतले जाते, नट थोडा पुढे सरकून पुन्हा उडी मारतो. ही छायाचित्रे सलग दाखविल्यावर माणूस जमिनीला न टेकता हवेतून तरंगत जाताना दिसतो. पिक्सिलेशन हे नाव ग्रँट मन्रो यांनी दिले.

‘नेबर्स’

युनेस्कोच्या ग्रामीण आरोग्य शिक्षण प्रकल्पासाठी मॅक्लारेन १९४९-५० मध्ये चीनमध्ये होते. स्थानिक चित्रकारांना भित्तिपत्रके व साध्या चित्रपट्ट्या तयार करण्यास शिकविणे हे त्यांचे काम होते. याच काळात त्यांनी तेथील सत्तांतर पाहिले. ते परतल्यानंतर कोरियन युद्ध पेटले. ज्या लोकांमध्ये ते राहून आले होते ते एका बाजूस आणि त्यांचा स्वतःचा देश दुसऱ्या बाजूस, अशी स्थिती झाली. या अस्वस्थतेतून ‘नेबर्स’ निर्माण झाला.

दोन शेजारी आपापल्या घरांसमोर खुर्च्या टाकून वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात. दोघांच्या हद्दीवर एक फूल उगवते. प्रथम दोघेही त्याच्या सुगंधाने हरखून जातात, मग ते कोणाचे यावरून वाद होतो. कुंपण उभे राहते, कुंपणाच्या फळ्या शस्त्रे बनतात आणि शेवटी दोघेही एकमेकांना ठार करतात. ज्या फुलासाठी भांडण झाले ते मारामारीत पायदळी तुडविले जाते. ग्रँट मन्रो व झाँ-पॉल लादुसर यांनी या भूमिका केल्या. हास्यकारक हालचालींनी सुरू होणारा लघुपट नकळत भीषण होत जातो, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. शेजाऱ्यांच्या बायकामुलांच्या हत्येचे दृश्य त्या काळी अनेक प्रतींतून वगळण्यात आले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात ते पुन्हा जोडण्यात आले. या लघुपटाला माहितीपर लघुपटाच्या विभागात ऑस्कर मिळाले. २००९ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक स्मृती नोंदवहीत समावेश केला.

भारताशी संबंध

१९५२-५३ मध्ये युनेस्कोच्याच कामासाठी मॅक्लारेन भारतात आले होते. पुढे क्लोद झ्युत्रा यांच्यासह केलेल्या ‘अ चेअरी टेल’ (१९५७) या लघुपटाला भारतीय संगीत लाभले. त्यात पंडित रविशंकर यांची सतार व पंडित चतुरलाल यांचा तबला आहे. एक तरुण खुर्चीवर बसू पाहतो, पण खुर्ची त्याला बसू देत नाही. तिलाही मान हवा असतो, हे त्याला उमगल्यावरच दोघांत सख्य होते. संवाद नसलेल्या या लघुपटात खुर्चीचा रुसवा सतार-तबल्याच्या लयीतून व्यक्त होतो.

उत्तरकाळ

‘लाइन्स व्हर्टिकल’ (१९६०) मध्ये केवळ उभ्या रेषांची हालचाल आहे. त्याच चित्रणाला काटकोनात फिरवून ‘लाइन्स हॉरिझाँटल’ (१९६२) तयार झाला आणि दोन्ही रेषा जेथे छेदतात तेवढेच बिंदू ठेवून ‘मोझेक’ (१९६५) साकारला. ‘पा द द’ (१९६८) या कृष्णधवल लघुपटात दोन बॅले नर्तकांच्या एकेका हालचालीचे चित्रण अकरा वेळांपर्यंत एकमेकांवर मुद्रित केले असल्याने हालचालीचा मागच जणू हवेत रेखाटला जातो. ‘सिंक्रोमी’ (१९७१) मध्ये ध्वनिपट्टीवरील खुणाच रंगवून पडद्यावर दाखविल्या असल्याने जे ऐकू येते तेच दिसते. १९७६ ते १९७८ या काळात त्यांनी मन्रो यांच्या सहकार्याने विद्यार्थ्यांसाठी ‘ॲनिमेटेड मोशन’ ही पाच भागांची शैक्षणिक मालिका केली. ‘नार्सिसस’ (१९८३) हा त्यांचा अखेरचा लघुपट होय. १९७३ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ कॅनडाच्या सर्वोच्च श्रेणीचा सन्मान मिळाला.

महत्त्व

मोठा खर्च, मोठा चमू व कथानक यांवाचूनही चित्रपट होऊ शकतो, हे मॅक्लारेन यांच्या लघुपटांनी दाखवून दिले. त्यांच्या बहुतेक लघुपटांत संवाद नसल्याने भाषेची अडचण येत नाही. आपली तंत्रे गुप्त न ठेवता त्यांनी ती टिपणांद्वारे इतरांसाठी खुली केली. त्यामुळे शाळकरी मुलांपासून व्यावसायिक कलावंतांपर्यंत अनेकांना ती वापरता आली.