सरखेल कान्होजी आंग्रे : कर्तृत्व आणि पत्रव्यवहार

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला कान्होजी आंग्रे यांच्या जीवनाचे मुख्य टप्पे सांगता येतील, तसेच चरित्रलेखनात पत्रव्यवहाराचे मोल काय आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे स्पष्ट करता येईल.

प्रस्तावना
जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुके. येथील अभ्यासकाला आरमाराचा विषय प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. परंतु उत्तर कोकणाचा इतिहास घाट, रान आणि बंदर या तिघांनी मिळून घडविलेला आहे. १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले होते, असे या भागातील परंपरा सांगते. त्याच राजाने कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजबांधणीस आरंभ केला होता. ते आरमार पुढच्या पिढीत ज्या पुरुषाच्या हाती आले, त्याचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत.

जडणघडण आणि उदय
कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. कान्होजींचे तरुणपण सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. संभाजी महाराजांच्या वधानंतरच्या कठीण काळात किनाऱ्यावरील किल्ले एकाकी पडले असता त्यांनी सुवर्णदुर्ग राखला आणि मोगलांच्या बाजूने लढणाऱ्या जंजिऱ्याच्या सिद्दीला तोंड दिले. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ते योग्यतेस चढले आणि पुढे आरमाराचे प्रमुख, म्हणजे सरखेल झाले. कुलाबा हे त्यांचे मुख्य ठाणे होते.

शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर मराठी राज्यात दोन पक्ष पडले. कान्होजी प्रथम ताराबाईंच्या पक्षात राहिले. त्यांच्यावर चालून आलेल्या पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी १७१३ मध्ये कैद केले. तेव्हा पेशवेपदी नव्याने आलेल्या बाळाजी विश्वनाथांनी लढाईऐवजी बोलणी केली. १७१४ मध्ये तह होऊन कान्होजी शाहूंच्या पक्षास मिळाले. सरखेलपद आणि किनाऱ्यावरील व घाटाखालील किल्ले त्यांच्याकडे कायम झाले.

समुद्रावरील अधिकाराचा प्रश्न
कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने मराठ्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घेतला पाहिजे, हा कान्होजींचा आग्रह होता. जमिनीवर जकात घेण्याचा अधिकार राज्याला असतो, तसाच तो आपल्या समुद्रावरही असतो, ही त्यामागील भूमिका. पोर्तुगीजही पूर्वीपासून असेच परवाने देत आले होते. इंग्रजांना मात्र हा अधिकार मान्य नव्हता. १७१२ मध्ये कान्होजींच्या गलबतांनी मुंबईच्या गव्हर्नरचे जहाज पकडले. पुढच्या वर्षी खंडणी आणि तह झाला. कंपनीची जहाजे कान्होजींनी अडवू नयेत, असे त्यात ठरले. तरी इंग्रजी निशाणाखाली इतर व्यापाऱ्यांचा माल गेला तर काय, या प्रश्नावर वाद पुन्हा पेटला.

गव्हर्नर चार्ल्स बून यांनी मोठी तयारी केली. पण १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर त्यांना अपयश आले. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली, तीही फसली. त्या प्रसंगी बाजीराव पेशव्यांची फौज मदतीस आली होती. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर केलेला हल्लाही निष्फळ ठरला.

पत्रांतून दिसणारा माणूस
बून यांच्यानंतरचे गव्हर्नर फिप्स यांच्याशी कान्होजींचा झालेला पत्रव्यवहार विशेष अभ्यसनीय आहे. चाचेगिरीच्या आरोपाला उत्तर देताना कान्होजी राजनीतीचा मूलभूत प्रश्न उभा करतात. दुसऱ्याचे घेण्याची इच्छा व्यापाऱ्यालाही सुटलेली नाही, आणि शिवाजी महाराजांचे राज्यही प्रबळ सत्तांशी झुंजूनच उभे राहिले, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. आपण कराराने वागलो, करार मोडला तो समोरच्याने, असेही ते सांगतात. आपण निर्दोष आहोत असा त्यांचा दावा नाही. दोघांना एकच माप लावावे, एवढीच त्यांची मागणी आहे.

मात्र येथे अभ्यासकाने सावध राहावे. हे उत्तर आपल्यापर्यंत इंग्रजी भाषांतराच्या रूपाने पोहोचले आहे. ज्यांनी कान्होजींना चाचा ठरविले, त्यांच्याच दप्तराने त्यांचा बचावही जपून ठेवला. त्यामुळे युक्तिवाद आपल्याला कळतो. पण मूळ शब्द आणि त्यांतील सूर निसटतो.

या पत्रव्यवहाराच्या जोडीला धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचे दप्तर ठेवून पाहावे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी प्रसिद्ध केलेल्या या पत्रांत आंग्रे घराण्याचा स्वामींशी असलेला संबंध दिसतो. घराण्यातील स्त्रियाही स्वामींशी पत्रव्यवहार करीत. राजकीय पत्रांत न येणारी श्रद्धा, कर्जव्यवहार आणि कौटुंबिक चिंता अशा कागदांत उमटतात.

अखेर आणि वारसा
४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबाग येथे आहे. थोरले पुत्र सेखोजी १७३३ मध्ये वारल्यावर भावांत कलह माजला आणि कुलाबा व विजयदुर्ग अशी दौलतीची विभागणी झाली. १७५६ मध्ये पेशव्यांच्या संमतीने इंग्रजांनी तुळाजी आंग्रे यांचा विजयदुर्ग घेतला. जे काम परक्यांना कान्होजींच्या हयातीत जमले नाही, ते घरातील दुहीने सुकर केले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला आंग्रे हे नाव दिले आहे.

सारांश
एका बाजूच्या कागदांत जो चाचा आहे, तो दुसऱ्या बाजूच्या कागदांत सरखेल आहे. शब्द बदलला की न्यायही बदलतो. म्हणून चरित्रकाराने कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि कोणी जपला, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

स्वाध्याय
१. दस्तकाच्या प्रश्नावर कान्होजी व इंग्रज यांच्या भूमिकांतील भेद स्पष्ट करा.
२. भाषांतरित पत्राचा पुरावा म्हणून उपयोग करताना कोणती काळजी घ्याल?
३. उपक्रम : आपल्या गावातील एखादा जुना मोडी कागद जाणकाराकडून वाचवून घ्या आणि वरील तीन प्रश्न त्याला लावून पाहा.