पहिला अ‍ॅस्ट्रो कॅमेरा घेताय? आधी बर्नार्ड यांची गोष्ट वाचा

कमी बजेटमध्ये कुठला कॅमेरा घेऊ, असं कोणी विचारलं की मला एडवर्ड बर्नार्ड आठवतात. जन्म १८५७, अमेरिकेतलं नॅशव्हिल. घरची गरिबी, त्यामुळे शाळेच्या वयातच फोटो स्टुडिओत नोकरी. पुढे लिक वेधशाळेत १८८९ मध्ये त्यांनी आकाशगंगेचे गाजलेले फोटो काढले, तेही माणसांच्या पोर्ट्रेटसाठी बनवलेल्या जुन्या सहा इंची लेन्सने! तारे सरकतात, म्हणून लेन्सही त्यांच्यामागे तासन्‌तास हाताने सरकवत ठेवली. १८९२ मध्ये त्याच लेन्सच्या फोटोत धूमकेतू सापडला. फोटोवरून शोधलेला तो पहिलाच. १९२३ मध्ये ते गेले, पण हिशोब आजही तोच. बॉडी सेकंडहँड चालेल. पैसे जास्त प्रकाश घेणारी लेन्स, मजबूत ट्रायपॉड आणि जमलंच तर ट्रॅकरवर घाला.