भास्कराचार्य आणि एकसष्टाचा प्रश्न

भारतीय ज्योतिषाने मध्यरेषेचा मान ज्या उज्जयिनीला दिला, तेथील वेधशाळेचे प्रमुखपद भास्कराचार्यांनी भूषविले, असे परंपरा सांगते. त्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मधील, गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जलविड. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ सिद्ध केला.

त्यातील ‘बीजगणिता’त एक प्रश्न आहे : कोणत्या पूर्णांकाचा वर्ग ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच येईल? ६० साठी ४ आणि ६२ साठी ८ ही संख्या पुरते. ६१ साठी मात्र लहानात लहान संख्या २२,६१,५३,९८० आहे आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९! चाचपडत येथवर पोहोचणे अशक्यच. आचार्यांनी चक्रवाल रीतीने प्रथम ५ ही संख्या घेतली. तिच्या वर्गाच्या ६१ पटीतून ४ वजा केले की ३९ चा वर्ग येतो. पुढे ब्रह्मगुप्तांच्या भावनेने उत्तर थोड्या पायऱ्यांत हाती आले. हाच प्रश्न फ्रान्सच्या फर्माने १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे ठेवला.

एकोणसत्तराव्या वर्षी आचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. पुढे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. तेथील शिलालेखात मठाला मिळालेल्या दानांची नोंद असून तिचा काही भाग मराठीत आहे. विद्या बुद्धीने जन्मते खरी, पण टिकते ती अशा समाजाच्या आधारावर.