खंड सरकतात म्हणणाऱ्या वेगेनर यांच्या हातातून खरं उत्तर कसं निसटलं?

जगाच्या नकाशात दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा बघा. एकमेकांत बसतील असेच दिसतात. हे इतरांनाही दिसलं होतं, पण त्यासाठी आपलं नाव पणाला लावलं ते आल्फ्रेड वेगेनर यांनी.

वेगेनर यांचा जन्म 1 नोव्हेंबर 1880 चा, बर्लिनमधला. पीएचडी खगोलशास्त्रात, काम हवामानशास्त्रात. 1906 मध्ये भावासोबत बलूनमधून सलग 52 तास उडण्याचा विक्रमही केला. थोडक्यात, भूगर्भशास्त्रज्ञांसाठी ते बाहेरचेच होते.

जानेवारी 1912 मध्ये त्यांनी फ्रँकफर्टला मांडलं की सगळे खंड एकेकाळी जोडलेले होते आणि नंतर दूर सरकले. ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात सापडतात. मधे एवढे समुद्र असताना ती सगळीकडे पोहोचली कशी? 1915 मध्ये यावर त्यांचं पुस्तक आलं.

घोडं अडलं कुठे?

खंड ढकलतं कोण, या प्रश्नावर. वेगेनर यांनी पृथ्वीचं फिरणं आणि भरती-ओहोटीच्या बलाकडे बोट दाखवलं. ही बलं फारच तोकडी आहेत, हे गणितानं दाखवून दिलं गेलं. 1926 मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत त्यांच्या सिद्धांतावर जोरदार टीका झाली.

खरी चुटपुट पुढेच आहे. अटलांटिकच्या मधोमध समुद्रतळ सतत फाटत असावा आणि खालून तप्त पदार्थ वर येत असावा, असं वेगेनर यांनी 1912 मध्येच लिहिलं होतं. नंतर पुस्तकात मात्र हा मुद्दा त्यांनी सोडून दिला. समुद्राच्या तळाशी काय आहे, हे तेव्हा नीट मोजताच येत नव्हतं.

1930 मध्ये ते ग्रीनलँडच्या मोहिमेवर गेले. बर्फाच्या मधोमध असलेल्या तळावर पोहोचले आणि 1 नोव्हेंबरला, पन्नासाव्या वाढदिवशी, परत निघाले. किनारा त्यांना पुन्हा दिसला नाही. पुढच्या मे महिन्यात त्यांचा मृतदेह बर्फात सापडला. सोबतचे ग्रीनलँडचे रासमुस विलुमसेन कधीच सापडले नाहीत.

मग समुद्रानेच साक्ष दिली

1950 च्या दशकात मेरी थार्प यांच्या नकाशांत अटलांटिकमधल्या जलमग्न पर्वतरांगेच्या माथ्यावर लांबलचक दरी दिसली. या रांगांपाशी नवा तळ तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकतो, असं हॅरी हेस यांनी 1962 मध्ये मांडलं. 1963 मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग रिजची चुंबकीय मोजमापं वापरून या कल्पनेला आधार दिला.

आज आपण याला सागरतळ विस्तार म्हणतो. अटलांटिक दरवर्षी साधारण 2 ते 3 सेंटीमीटरने रुंदावतोय, म्हणजे नखं वाढतात जवळपास त्याच वेगाने. वेगेनर यांनी हे ओझरतं का होईना, पण पन्नास वर्षं आधी लिहून ठेवलं होतं.